ब्रेझा ऑटोमॅटिक की नेक्सॉन डीसीए? मुलुंड ते अंधेरी, स्टॅक पार्किंग आणि वर्षातून दोनदा कुडाळ

मुलुंड_पूर्व:

पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यायची हे ठरलंय. यादी दोन नावांवर येऊन अडली आहे: मारुती ब्रेझाची ६-स्पीड ऑटोमॅटिक आणि टाटा नेक्सॉनची ७-स्पीड डीसीए, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. तुलनेचे व्हिडिओ पाहिले तर सगळे सनरूफ आणि स्क्रीनपाशीच घुटमळतात, म्हणून वापर नेमका सांगतो.

आठवड्यातले तीन दिवस मुलुंड पूर्व ते अंधेरी एमआयडीसी, ईस्टर्न एक्स्प्रेसवरून कांजूरला उतरून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). शनिवार-रविवारचं फिरणं धरून महिन्याला ७०० किलोमीटर, जवळजवळ सगळं शहरातलं. गणपती आणि मे महिना, दोन वेळा कुडाळ. पाच माणसं, त्यात आई-वडील, दोघांचेही गुडघे कुरकुरतात. ऑन-रोड १५ लाखांच्या आत.

पार्किंग सोसायटीच्या दोन मजली पझल पार्किंगमध्ये. आमच्या खणावरचा बोर्ड: लांबी ५०००, रुंदी १८५०, उंची १६५० मिमी, वजन २००० किलो.

मायलेज, मेंटेनन्स, पावसाळा, गिअरबॉक्स, यातलं खरं वजन कशाला द्यायचं?

पॅलेट_नंबर_१२:

बाकी सगळं नंतर. आधी टेप काढा.

ब्रेझाची उंची १६८५ मिमी, नेक्सॉनची १६२०. तुमचा बोर्ड म्हणतो १६५०. म्हणजे ब्रेझा त्या खणात बसतच नाही, आणि नेक्सॉन बसते ती जेमतेम दोन बोटांच्या फटीने. बोर्डावरच्या आकड्यात बसवणाऱ्याने थोडी मोकळीक धरलेली असते हे खरं, पण ती तुमच्यासाठी नाही, यंत्रासाठी आहे. वरचा पॅलेट, म्हणजे गाडी उभी राहते तो लोखंडी पाट, वर्षानुवर्षांच्या वजनाने मधे किंचित वाकतो, एका बाजूची साखळी ढिली पडली तर एक कोपरा आधी खाली येतो. उंचीचा प्रकाश-सेन्सर असलेली यंत्रणा अशा वेळी थांबते. सेन्सर बंद पडलेली यंत्रणा थांबत नाही, आणि देखभालीचा करार लांबलेल्या सोसायट्यांत सेन्सर बंद असणं फार नवलाचं नाही.

रुंदीची काळजी नको. ब्रेझा १७९०, नेक्सॉन १८०४. दोन्ही आरसे मिटूनच आत न्यायच्या. मात्र पॅलेटच्या कुठल्या बाजूला खांब आहे ते बघा. उजवीकडे असेल तर गाडी आत गेली तरी तुम्ही बाहेर कसे पडणार, हा प्रश्न उरतोच. लांबी दोन्हींची ३९९५, वजन दोन्हींचं रिकाम्या गाडीला दीड टनाच्या आत, तिथे काही अडत नाही.

पुढे छतावर सामानाचं कॅरिअर लावायचा विचार असेल तर हा सगळा हिशेब पुन्हा करावा लागेल.

आता करायचं काय ते सांगतो. बुकिंगच्या आधी डीलरकडून टेस्ट ड्राइव्हची गाडी सोसायटीत मागवा. बहुतेक डीलर घरी गाडी आणतात, त्याचा हा खरा उपयोग. पार्किंगची देखभाल करणारा माणूस हजर ठेवा. गाडी आत, माणसं बाहेर, आणि पॅलेट बटण दाबत-सोडत थोडा थोडा हलवायचा. अँटेना आणि छताचे रेल, दोन्ही ठिकाणी उरलेली फट टेपने मोजा. कागदावरच्या उंचीवर बुकिंग करून नंतर गाडी रस्त्यावर लावणारे मुंबईत कमी नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे खण बदलून घेणं. वरच्या मजल्याची मर्यादा किती आहे? वर छप्पर नसेल तर ती बहुधा जास्त असते.

मुलुंड_पूर्व:

उंचीचं लक्षातच आलं नव्हतं. सेक्रेटरींना विचारलं. वरच्या मजल्याची मर्यादा १८०० आहे. तिथल्या एका सभासदांकडे हॅचबॅक आहे, त्यांना खालचा खण हवाच आहे. म्हणजे दोन्ही गाड्या पुन्हा शर्यतीत. वरचा खण घ्यावा का? रोज पॅलेट उतरेपर्यंत थांबावं लागेल.

पॅलेट_नंबर_१२:

घ्या. पावसाळ्यात पाणी आधी खालच्या गाडीत शिरतं. वरच्या गाडीचं तेल खालच्या गाडीवर ठिबकतं, उलटं होत नाही. आणि उंदीरही जमिनीलगतच्या गाडीत जास्त शिरतात. वायरिंग कुरतडलं की नुसती वायर जोडून भागत नाही, कित्येकदा अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाच, बदलावा लागतो.

तोटे दोन. सकाळी नऊच्या सुमारास एकामागून एक चार जण बटण दाबायला उभे असतात, तेव्हा पाच-सात मिनिटं धरूनच निघा. आणि पझलच्या मोटारींना सोसायटीच्या जनरेटरवरून वीज आहे का ते विचारून घ्या. नसेल तर वीज गेली की गाडी वर आणि तुम्ही खाली.

अदलाबदल तोंडी ठेवू नका. कमिटीच्या सभेत नोंद, दोघांच्या सह्यांचं पत्र आणि नव्या खणाचं वाटपपत्र, हे तिन्ही घ्या. उद्या त्यांनी फ्लॅट विकला तर नवा मालक जुना कागद घेऊन दारात येतो.

क्लच_प्लेट:

खणाचा प्रश्न सुटला असेल तर तुमच्या वापरात पुढचं वजन गिअरबॉक्सला द्या. जेव्हीएलआरवर गांधीनगर ते आयआयटी मेन गेट हा पट्टा, त्यात मेट्रो ६चं काम. तिथे गाडी चालत नाही, सरपटते. सरपटण्यात या दोन गिअरबॉक्सचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

ब्रेझात टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे घासणारी क्लच प्लेट नसून तेल असतं. इंजिनाच्या बाजूचं चाक तेल ढकलतं, त्या जोरावर समोरचं चाक फिरतं. ब्रेकवरून पाय किंचित उचलला की गाडी लोण्यासारखी पुढे सरकते, दिवसातून पाचशे वेळा केलं तरी झिजण्यासारखं तिथे काही नाही. याची किंमत थोड्या पेट्रोलात मोजावी लागते.

नेक्सॉनच्या डीसीएत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलल्याचं कळतही नाही. हे क्लच ओले, म्हणजे तेलात बुडालेले आहेत. कोरड्या क्लचच्या डीसीटीपेक्षा (दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं सर्वसाधारण नाव) उष्णता झपाट्याने वाहून जाते. इंटरनेटवर डीसीटीची जी भीती दिसते ती मुख्यतः कोरड्या क्लचबद्दलची आहे, ती जशीच्या तशी इथे लावू नका. तरीही सरपटताना शेवटी क्लचच घसरत असतो, हे विसरायचं नाही.

म्हणून डीसीए चालवण्याची पद्धत बदलावी लागते. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर, असं करायचं नाही. एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा आणि पूर्ण थांबा. अर्धवट ब्रेक दाबून सरकत राहणं, म्हणजे मॅन्युअलमधला हाफ क्लच, तो इथे तुमच्या नकळत होतो. रिक्षा त्या जागेत घुसेल, घुसू द्या. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकनेच धरायची. एवढं पाळलं नाही आणि कडक उन्हात अर्धा तास चढावर सरपटलात, तर क्लच तापल्याची सूचना येऊ शकते. आली तर बाजूला घेऊन पार्कमध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, तेल फिरत राहू द्या.

घाटात पारडं फिरतं. नेक्सॉनचं १.२ टर्बो १७० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७५० ते ४००० आरपीएममध्ये देतं. ब्रेझाचं १.५ साधं इंजिन १३७ एनएमपर्यंत पोचतं, तेही ४४०० आरपीएमला. कशेडीला बोगदा झाल्यापासून तो जुना घाट टळतो, पण परशुराम, भोस्ते आहेतच. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पुढे ट्रक: नेक्सॉन तिसऱ्यात आवाज न करता ओढून नेते. ब्रेझा गिअर उतरवते, ओरडते, आणि मग जाते. जाते हे नक्की. फक्त ओव्हरटेकला जागा थोडी जास्त लागते. उतारावर दोन्हींत मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा, ब्रेकवर उतरू नका.

माझं मत: वर्षाचे अकरा महिने जेव्हीएलआर आणि दोन खेपा कोकण असतील, तर ब्रेझाचा टॉर्क कन्व्हर्टर. कोकणची खेप दर महिन्याला असती तर हेच उत्तर उलटं दिलं असतं.

एक सावधगिरी. नेक्सॉन पेट्रोलमध्ये एएमटीसुद्धा मिळते. शोरूममध्ये दोघींनाही ‘ऑटोमॅटिक’च म्हणतात. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. स्वस्त पडते, मायलेज चांगलं देते, पण तुमच्या रस्त्यावर प्रत्येक पहिल्या-दुसऱ्या गिअरला मान हलते.

हिशेबी:

वर कोणी कराचं काढलं नाही, आणि या दोन गाड्यांच्या किमतीत त्याचा मोठा वाटा आहे.

ब्रेझा चार मीटरच्या आत आहे म्हणून ती ‘छोटी गाडी’, असा सर्वांचा समज आहे. जीएसटीसाठी दोन अटी लागतात: लांबी ४००० मिमीपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसी. दुसऱ्या अटीत ती नापास होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के असे दर झाले. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी, म्हणून तिला १८, ब्रेझाला ४०. आधी सेस धरून हेच २९ आणि ४५ होते. दोन्ही स्वस्त झाल्या, पण त्यांच्यातली दरी १६ टक्क्यांवरून २२ वर गेली. तेवढ्याच पैशात नेक्सॉनचं वरचं मॉडेल हाती लागतं ते टाटा उदार झाले म्हणून नव्हे. गाडीची आणि गाडीची तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

मग राज्याचा रस्ता कर. वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला एक्स-शोरूम १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यावर २० लाखांपर्यंत १२ टक्के. हा टप्प्याटप्प्याने लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९,९५,००० च्या गाडीला १,०९,४५० कर. १०,१०,००० च्या गाडीला १,२१,२००. किंमत वाढली १५ हजार, कर वाढला पावणेबारा हजार. शिवाय १० लाखांवर गेलात की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर. तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो किंवा वळता होतो, पण गाडी घेताना खिशातून जातोच. तुमचं मॉडेल १० लाखांच्या काठावर असेल तर एक पायरी खाली उतरून पाहा. कंपनीच्या नावावर घ्यायचा मोह झाला तर तिथला कर २० टक्के आहे.

विम्याचं तृतीय पक्षाचं कवच नव्या गाडीला तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागतं. १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये. दोन्ही गाड्या याच गटात, इथे फरक शून्य. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र डीलरच्या कोटेशनमध्ये फुगलेला असतो. बाहेरून दोन कोटेशनं आणा आणि गाडीची विमा किंमत तिन्हीकडे सारखीच धरली आहे ना ते पाहा. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. कमी विमा किंमत दाखवून स्वस्त दिसणारा हप्ता हा हप्ताच नव्हे.

पेट्रोल. कंपनीचे आकडे ब्रेझा ऑटोमॅटिकला १९.८०, नेक्सॉन डीसीएला १७.०१. जेव्हीएलआरवर दोन्ही विसरा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, एसी आणि ही रहदारी धरून ११ आणि १० धरा. ७०० किलोमीटरला ६४ आणि ७० लिटर. १०४ रुपये लिटरने महिन्याचा फरक साधारण साडेसहाशे, पाच वर्षांत चाळीस हजारांच्या आत. मायलेजवरून या दोघींत निवड करण्यासारखं काही नाही.

आणि हो, मुलुंड टोलनाक्याचा हिशेब धरत असाल तर तो सोडा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचे पाचही नाके कारला माफ आहेत.

मागची_सीट:

गुडघ्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय.

घरातल्या ज्या खुर्चीवरून आई विनासायास उठते, तिची जमिनीपासूनची उंची मोजा. मग गाडीत मागची सीट माणूस बसून दाबली गेल्यावर जमिनीपासून किती उंच राहते ते मोजा. दोन्ही आकडे जवळपास आले पाहिजेत. ब्रेझा उभट आहे, छत मागपर्यंत सरळ जातं. चढताना डोकं वाकवावं लागत नाही. नेक्सॉनचं छत मागे उतरतं, दाराची वरची कड डोक्याजवळ येते. उंच वडिलांना हे पहिल्याच वेळी जाणवेल. चढताना पाय ज्या उंबऱ्यावरून ओलांडावा लागतो त्याची रुंदीही बघा. गुडघा तिथे अडतो, सीटच्या उंचीवर नाही.

ड्रायव्हरसाठी दुसरी गोष्ट. नेक्सॉनची मागची काच लहान आणि कोपऱ्यातला खांब जाड. स्टॅक पार्किंगमध्ये मागे घेताना कॅमेऱ्यावरच अवलंबून राहावं लागतं, आणि पावसात कॅमेऱ्यावर थेंब बसतो. ब्रेझाच्या काचा मोठ्या.

डिकी उलटी: नेक्सॉन ३८२ लिटर, ब्रेझा ३२८. पाच माणसांच्या गणपतीच्या सामानाला ५४ लिटर म्हणजे एक मध्यम बॅग. फणस धरला तर वादच नको, दोन्ही अपुऱ्या.

क्लच_प्लेट:

पटलं. फक्त गाडीचं मजबूतपण वगळलं गेलं. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप या दोन्ही धडक-चाचण्यांत २०२४ मध्ये ५ तारे मिळाले. ब्रेझाचे जे ४ तारे सांगितले जातात ते २०१८ मधल्या जुन्या विटारा ब्रेझाचे. आताची गाडी वेगळी आहे, ते तारे तिला चिकटवू नका. सहा एअरबॅग दोन्हीकडे सगळ्या मॉडेलमध्ये आहेत, पण एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी. हायवेवर आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी कोकणवारी जास्त असेल तर नेक्सॉन म्हणालो, त्यामागे हेही होतं.

हिंदमाता_स्टॉप:

पावसाळ्याचं मी सांगतो.

ग्राउंड क्लिअरन्स नेक्सॉनचा २०८ मिमी, ब्रेझाचा १९८. या १० मिमीवर लोक तासन्‌तास भांडतात. पाण्यात गाडी बंद पडते ती तळ टेकल्यामुळे नाही, हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेल्यामुळे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडल्याशिवाय मग इलाज नाही.

मोजायचं चाकावरून. वरच्या मॉडेलमध्ये दोघींना २१५/६० आर१६ टायर येतात, व्यास साधारण ६६ सेंमी. म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ३३ सेंमीच्या आत. पाणी चाकाच्या मध्याच्या खाली असेल तरच विचार करा, तेही समोरच्या गाडीच्या चाकांवरून अंदाज घेऊन. अंधेरी सबवे, मिलन सबवे असल्या खोलगट जागी तर विचारच नको. मधे खोली किती ते काठावरून कळत नाही. शिवाय समोरून बस आली की तिची लाट बॉनेटवर येते. तुमचं शांत पाणी ३० सेंमी असलं तरी लाट ५० ची असते.

जावंच लागलं तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही. बाहेर आल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे डिस्क सुकतात.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायची नाही. एकदाही नाही. बंद पडली त्या क्षणी बहुधा नुकसान थोडं असतं, दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर ते मोठं होतं. आणि साध्या सर्वंकष विम्यात कंपनी हेच बोट ठेवते: पाणी शिरणं हा अपघात, स्टार्ट करणं हा तुमचा निर्णय. न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या, फोटो काढा, फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या टो-ट्रकवर) चढवून न्या. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ देऊ नका. गिअरबॉक्सचं तेलही तपासायला सांगा. पाणी मिसळलं तर ते दुधाळ दिसतं.

विम्यात म्हणून चार गोष्टी जोडा: झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन, कन्झ्युमेबल्स (तेल, नट-बोल्ट असला खर्च) आणि पहिली काही वर्षं रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम). झीरो डेप नसेल तर रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मीच भरपाई मिळते, आणि आजकालच्या गाडीच्या तोंडात प्लास्टिकशिवाय असतं काय? किल्ली हरवणं, टायर संरक्षण, सामान संरक्षण वगैरे सगळं काढून टाका; त्यातून वाचलेल्या पैशात इंजिन प्रोटेक्शनचा बराचसा खर्च भागतो.

मुलुंड_पूर्व:

सगळ्यांचे आभार. दोन छोटे प्रश्न. सीएनजी किंवा नेक्सॉन डिझेलचा विचार करावा का? आणि टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

हिशेबी:

डिझेल नाही. बीएस६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी तो तापून जाळतो, त्यासाठी गाडी मधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या वेगाने चालली पाहिजे. तुमच्या रस्त्यावर ते होणार नाही, फिल्टर तुंबेल. वर रस्ता कर पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त.

सीएनजी ब्रेझा मॅन्युअल गिअरमध्येच येते आणि सिलिंडर डिकी खातो. नेक्सॉनला दोन लहान सिलिंडर तळाशी बसवलेत म्हणून ३२१ लिटर डिकी उरते, ते चांगलं केलंय. पण सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), पंपावरची रांग, आणि महिन्याला ७०० किलोमीटर. वाचणारे पैसे त्या रांगेच्या लायकीचे नाहीत.

क्लच_प्लेट:

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. मंगळवारी-बुधवारी साडेनऊला घ्या, जेव्हीएलआरवरच. शोरूमचा माणूस धरून चार जण बसा, एसी पूर्ण चालू.

ब्रेझात बघायचं: ४० च्या वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गिअर उतरायला किती वेळ लागतो, आणि तेवढा उशीर तुम्हाला चालेल का. नेक्सॉनमध्ये बघायचं: ५ ते १५ च्या वेगात सरपटताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका जाणवतो का, आणि फ्लायओव्हरच्या चढावर ब्रेक सोडल्यावर मागे येते का. इंजिन तीन सिलिंडरचं आहे, सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंग आणि सीटमध्ये किती थरथर येते ते हात ठेवून बघा. वडिलांना मागे बसवा आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून न्या. खड्डे गिळण्यात नेक्सॉन सरस आहे, हे माझं मत. तुमचं वडिलांना विचारून ठरवा.

शेवटी परत येताना गाडी थेट तुमच्या वरच्या पॅलेटवर चढवा, वर लिहिलंय तसं. दोन्ही कामं एका फेरीत होतात.

पॅलेट_नंबर_१२:

पॅलेटवर चढवताना एक बघा: पुढचं चाक अडवणारा लोखंडी ठोकळा कुठे आहे. तो पुढे सरकवून बसवलेला असेल तर बंपरचा खालचा प्लास्टिकचा ओठ त्याला घासतो. दोन्ही गाड्यांना रोज घासला की सहा महिन्यांत क्लिपा तुटतात. देखभालवाला ठोकळा मागे घेऊन देतो, फक्त आपण सांगावं लागतं.

हिशेबी:

आणि कोटेशन घेताना: गाडीचं पूर्ण मॉडेल नाव, नेक्सॉन असेल तर ‘डीसीए’ ही अक्षरं, रंग, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि रस्ता कराची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशी ओळ दिसली की ती खोडायला सांगा. डीलरच्या गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा नसतो. ॲक्सेसरीजच्या पॅकेजची सक्तीही नाही. बुकिंगची रक्कम परत मिळेल का, किती दिवसांत, हेही त्याच कागदावर. अदलाबदलीचं वाटपपत्र हातात येईपर्यंत ती रक्कम भरू नका. पत्र नाही मिळालं तर तुमचा खण पुन्हा १६५० चाच, आणि मग ब्रेझा बाद.